दोन ग्रॅम रुई

यवतमाळात कुणाला नोकरी कुठं म्हणून विचारलं, की माणूस छाती फुगवून झेडपीत, बँकेत, नाहीतर कलेक्टर कचेरीत असं सांगतो. मथुराबाई मुनेश्वर सांगायची, "उंदरात." ऐकणारा हसायचा. सगळं गाव उंदीर मारायला गोळ्या आणतं आणि ही बाई महिन्याच्या पगारावर उंदीर पाळते! मथुराबाईही त्याच्याबरोबर हसून घ्यायची. हसण्यावारी नेलं की पुढचे प्रश्न टळतात, आणि पुढचे प्रश्न घरापर्यंत, लेकीपर्यंत येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती मूळची बोरी अरबची. शेत तिच्या घराण्यात कधी नव्हतंच. होते ते दोन हात, आणि कापूस वेचावा तर या हातांनी. बोंडाच्या काट्याला न लागता, काडीकचरा न येता कापूस तिच्या ओटीत यायचा. मग ती वाईट वर्षं आली. अळीनं बोंडं पोखरली, कापसाची पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल पडली, सरकी काढणाऱ्या जिनिंगना एकामागून एक कुलपं लागली. वेचायला कापूसच नाही, तिथं वेचणारीला कोण पुसतं? दोन हजार पाच साली नवरा नागोराव आणि मुलगी साधना यांना घेऊन ती यवतमाळला आली, आणि दारव्हा रोडवरच्या एका औषधनिर्माण कॉलेजात झाडपुशीला लागली. वर्षभरात तिथल्या प्राणिघराचं सगळं काम तिच्याकडे आलं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, दर मंगळवारी वजनं घेणं. नागोराव रात्री एका बंद जिनिंगची राखण करायचा आणि दिवसा लेकीजवळ बसायचा.

प्राणिघराला खिडकी नव्हती. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचा मे तापलेला असो, आत सदा दिवाळीतला गारवा. भारनियमनात सगळं शहर घामानं चिंब व्हायचं, तेव्हा उंदरांसाठी जनरेटर धडधडायचा. संध्याकाळी सहाला दिवे आपोआप जात आणि एक लाल बल्ब लागे. लाल उजेड उंदरांना दिसत नाही, म्हणजे त्यांच्या लेखी रात्र झालेली असते. मथुराबाई मात्र त्या रात्रीत उभी राहून त्यांना पाहू शकायची. भुशातली खसखस, बाटलीच्या टोकाला लागणाऱ्या जिभांची बारीक टिकटिक, आणि सगळीकडे तो जास्वंदीसारखा उजेड. आपण कुणाच्या तरी स्वप्नात चोरपावलांनी शिरलो आहोत, असं तिला दर संध्याकाळी वाटायचं. घरी जायची घाई असूनही तिचा पाय तिथून निघायचा नाही.

दोन हजार आठ साली अनघा मॅडम आल्या. यवतमाळच्याच, वकिलांच्या घरातल्या. पुणं, हैदराबाद करून, मोठं शिक्षण घेऊन परत गावात आलेल्या. त्यांच्यामागून हैदराबादहून थंड गाडीतून काळे उंदीर आले. या उंदरांच्या अंगातला एकच जनुक बिघडवलेला होता, मेंदू घडवणारा. पिल्लं जन्मतात चांगली, डोळे उघडतात, धावतात. मग थोड्या दिवसांत चाल अडखळते, अंग थरथरतं, आणि शेपटीला धरून उचललं की पंजे एकमेकांत घट्ट आवळून घेतात. माणसांच्या काही मुलींना असाच आजार होतो, त्याच्यावर औषध शोधायचं, एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. मथुराबाईनं मान डोलावली होती. शिकलेल्या माणसांपुढं मान डोलावणं हेही झाडपुशीतलंच एक काम आहे.

एक दिवस मॅडम वर्गातल्या पोरापोरींना भिंतीवर फिल्म दाखवत होत्या आणि मथुराबाई दारात फरशी पुसत होती. भिंतीवर एक मुलगी आली. सोनेरी केसांची, गोरीपान, दहाएक वर्षांची. ती छातीशी हात जोडून एकसारखी चोळत होती, पिळत होती, जसं अंगावरचं काही धुऊन काढायचंय. आणि डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

मथुराबाईच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. ती साधना होती. केस वेगळे, रंग वेगळा, बाकी साधना.

साधना दीड वर्षांची होईपर्यंत सगळ्या मोहल्ल्याचं खेळणं होती. इवलेसे हात जोडून "जयभीम" म्हणायची. कुणीही दारावरून जावं, हिचं जयभीम तयार. मग एका पावसाळ्यात तो शब्द गेला. गेला तो गेलाच. हात मात्र जोडलेलेच राहिले आणि एकमेकांना चोळू लागले. कुणी म्हणालं हवा लागली, कुणी म्हणालं नजर. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर 'मतिमंद' लिहून कागद हातात दिला. तेव्हापासून मथुराबाई समजत होती, की असं लेकरू जगात एकच आहे आणि ते आपल्याच पोटी आलं.

"मॅडम, ते पोरगी कुठची हाय वो?" फिल्म संपल्यावर तिनं विचारलं.

"इटलीची. का हो?"

"काई नाई. असंच."

तिनं सांगितलं नाही. साधनाचं नाव निघालं की समोरच्याचे डोळे बदलतात, आवाज मऊ होतो, आणि ती मऊ झालेली माणसं मथुराबाईला मुळीच आवडत नसत. पण त्या संध्याकाळी लेकीला वरणात कुस्करलेली भाकर भरवताना ती म्हणाली, "आज तुयासारखी एक पाह्यली मी. लय दूर रायते. हात बी तसेच, डोये बी तसेच." साधना तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तेव्हापासून प्राणिघरातली रोजची हकीकत लेकीला सांगायची, असं ठरूनच गेलं. साधनाला सगळं कळतं, याबद्दल मथुराबाईच्या मनात तिळभर शंका नव्हती. शंका जगाला होती.

दुसऱ्या वर्षी औषधाचा प्रयोग सुरू झाला. बारा पिंजरे, प्रत्येकात एक आजारी उंदीर. सहा बाटल्यांत औषधाचं पाणी, सहांत साधं. कुठल्या बाटलीत काय ते शेजारच्या विभागातल्या सरांनी ठरवलेलं, आणि ती यादी बंद पाकिटात त्यांच्याच कपाटात. मॅडमलाही माहीत नाही, मथुराबाईलाही नाही. आणि आठवड्यातून एका संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यात दोन ग्रॅम रुईचा दाबलेला चौकोन ठेवायचा. सकाळी मॅडम येऊन बघणार, फोटो काढणार, वहीत आकडा लिहिणार.

विकतचे चौकोन परदेशातून यायचे आणि फार महाग पडायचे. मथुराबाईनंच सुचवलं, की रुई मी आणते. नागोरावच्या जिनिंगच्या कोपऱ्यातली स्वच्छ रुई आणून ती काट्यावर तोलायची, विटेखाली दाबून चौकोन करायची. "फक्त सगळ्यांना सारखी द्या हं, मथुराबाई," मॅडम म्हणाल्या. रुई कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला हवं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. धडधाकट उंदीर तो घट्ट चौकोन दातांनी उकलतो, पिंजतो आणि गोल घरटं करून आत झोपतो. आजाऱ्याला ते जमत नाही, चौकोन जसाच्या तसा पडून राहतो. घरट्याला एक ते पाच गुण. औषध लागू पडलं की नाही, ते या गुणांवरून कळणार होतं. ही गोष्ट कॉलेजात सर्वांना ठाऊक होती, फक्त जिच्या हातून रुई पिंजऱ्यात जात होती तिला सोडून.

मथुराबाईला वाटलं, हे अंथरूण आहे. एवढ्या गार खोलीत लेकरांना ऊब नको?

महिन्याभरात बारांतले सहा उंदीर वाळायला लागले. पाणीच नीट पीत नव्हते. पाठीचे मणके हाताला लागत. ते कोपऱ्यात थरथरत बसायचे आणि समोर तो विटेखाली दाबलेला, फरशीच्या तुकड्यासारखा चौकोन. मथुराबाईला ते बघवेना. तिनं नियम मोडला नाही. तोलून दोन ग्रॅमच घेतले, सगळ्यांना सारखेच. फक्त त्या सहांचा चौकोन ती हातात घ्यायची आणि लाल उजेडात उभ्या उभ्या पिंजून मोकळा करायची. आयुष्यभर कापसात राहिलेली बोटं ती, त्यांना सांगावं लागत नव्हतं. रुई फुलायची, ढगासारखी व्हायची. मग अंगठ्यानं मध्ये एक खळगा, आणि ती ऊब कोपऱ्यातल्या जिवाजवळ ठेवून ती हळूच झाकण लावायची.

असे तीन महिने गेले.

एका शुक्रवारी पाकीट उघडलं. दुपारी अनघा मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः प्राणिघरात आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "मथुराबाई, औषध लागू पडलं! पुढच्या बुधवारी मी हैदराबादला जाते, मोठ्या लोकांसमोर मांडायला. अजून खूप वर्षं लागतील, पण सुरुवात झाली."

"म्हनजे त्या पोरीईचे हात सुटतीन?"

"कुणी सांगावं? कदाचित सुटतील."

तो शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे मथुराबाईच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस. हे मी नाही, तीच पुढं सांगायची. ती रस्त्यानं चालत होती की कुठं तरंगत होती, तिचं तिला समजत नव्हतं. बसस्टँडवरचा कलकलाट तिला दुरून यावा तसा यायचा. भाजी घेताना ती हसायची आणि भाजीवाला उगीच दोन मिरच्या जास्त टाकायचा. रविवारी दुपारी साधनाच्या डोक्याला तेल लावता लावता तिचा डोळा लागला. बोरी अरबच्या शिवारात कापूस फुटलेला, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं. साधना त्यातून एकटी चालते आहे, आणि चालता चालता तिचे हात उकलले, बोंड उकलावं तसे आवाज न करता. एक हात ह्या झाडाला, एक त्या. पायांशी काळे उंदीर तोंडात रुईचे पुंजके धरून धावताहेत. साधनानं मागं वळून काहीतरी म्हटलं. शब्द ऐकू यायच्या आतच मथुराबाई जागी झाली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. शब्द आता यायचाच होता.

सोमवारी मॅडमनी तिला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. "बसा इथं. तुमचेही कष्ट आहेत यात. हे बघा, औषधवाल्या सहाही उंदरांनी स्वतःचं घरटं स्वतः केलं. आणि हे साध्या पाण्याचे, रुईला तोंडही लावलं नाही, म्हणून एकेकच मार्क. औषध चाललं ते यावरूनच तर कळलं."

पडद्यावर सहा पांढरी घरटी होती. मथुराबाई बघत राहिली. प्रत्येक घरट्याच्या मधोमध एक खळगा होता, आणि तो तिच्या अंगठ्याचा होता.

"छान हाय," ती म्हणाली आणि बाहेर येऊन बादलीपाशी उभी राहिली.

त्या दिवशी ती बोलली नाही. घरी लेकीलाही काही सांगितलं नाही. आपण नाही बोललो तर कोण सांगणार? उंदीर सांगणार आहेत? मॅडमचं नाव होईल, औषध पुढं जाईल, आणि कधीतरी, कुठूनतरी, साधनापर्यंत येईल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'कदाचित' म्हणालं होतं. ते 'कदाचित' आपल्याच हातानं पुसायचं? रात्रभर साधनाचे हात एकमेकांवर घासल्याचा आवाज तिच्या कानात येत राहिला.

मंगळवारी वजनं घ्यायची होती. सतरा नंबरचा उंदीर काट्यावर ठेवला, तर काटा गेल्या आठवड्याहून आणखी खाली. नंबर जन्माच्या क्रमानं पडलेले, आणि सतरा नंबर हा त्या सहांतला सर्वांत वाळका. तिनं त्याच्या बाटलीच्या टोकाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. कडू जहर. म्हणूनच पीत नव्हते. म्हणूनच वाळत होते. म्हणजे हे औषध हात सोडवत नाही, नुसतं अंग वाळवतं. आणि उद्या हेच कुण्या मायनं आपल्या लेकराला विश्वासानं पाजलं तर? मग ते इटलीतलं असो की बोरी अरबचं. साधनाच्या अंगावर तर वाळायलाही काही उरलं नव्हतं.

हात धुऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. उद्याच्या प्रवासाची बॅग टेबलावर उघडी होती.

"मॅडम, ते घरटे त्याईनं नाई केले. मी करून देल्ले."

"म्हणजे?"

"त्या सहाईले रुई मी पिंजून देल्ली. वजन सारखंच ठेवलं. पन मोकळी करून देल्ली. मले वाटलं, थंडी वाजून राह्यली त्याईले."

अनघा मॅडम खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. "दोन वर्षं, मथुराबाई! दोन वर्षं माझी!" आणि मग पुण्याची सगळी भाषा गळून पडली आणि त्या ओरडल्या, "काहून केलं तुम्ही असं? काहून?"

"त्याईले जमत नाई म्हनून. ज्याले जमत नाई त्याले कोनीतरी करून द्या लागते ना, मॅडम? माही साधना सतरा वर्षाची झाली, सोताच्या हातानं घास घेत नाई. मीच भरवतो. तिले जमलं नाई म्हनून मी तिचे मार्क कापत नाई."

"कोण साधना?"

मग सगळं बाहेर आलं. जयभीम, हात, भिंतीवरची मुलगी, रविवारचं स्वप्न, बाटलीतला कडू थेंब. मथुराबाई उभ्यानं बोलत होती आणि तिच्या आवाजात रडू नव्हतं. मॅडमच्याच डोळ्यांना पाणी आलं, पण त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "तुम्ही आता जा," एवढंच त्या म्हणाल्या. नोकरी गेली असं समजून मथुराबाई घरी आली.

नोकरी गेली नाही. मॅडम बुधवारी हैदराबादला गेल्या नाहीत. गुरुवारी सकाळी त्या प्राणिघरात आल्या, एका पालथ्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. रुई ठेवा म्हणून सांगितलं, कशासाठी ते नाही सांगितलं." मग त्यांनी घरट्याची, गुणांची सगळी गोष्ट तिला पहिल्यापासून समजावली. "आज परत ठेवायची. दाबलेलीच. आणि ऐका. औषध कडू असेल तर कमी करता येईल, गोड करता येईल. सगळ्यांनी घरटं करायलाच हवं असं नाही. औषधवाल्या सहांतल्या एकानं जरी स्वतःच्या दातांनी रुई ओढली, एकालाही दोन गुण पडले, तर मी हे औषध सोडणार नाही. अजून एक वर्ष घालीन. नाहीतर मात्र बंद."

शेजारच्या सरांनी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून नवे आकडे लावले, म्हणजे कोणता उंदीर कुठल्या गटातला ते मॅडमला कळू नये. मथुराबाईला चिठ्ठीची गरज नव्हती. ती पाठ बघून उंदीर ओळखायची. पण ते तिला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी लाल बल्ब लागला. तिनं बारा चौकोन बारा पिंजऱ्यांत ठेवले. तिचा जुना सतरा नंबर कोपऱ्यात थरथरत होता. तिची बोटं शिवशिवली. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि मागं न बघता बाहेर पडली.

सकाळी दोघी एकेका पिंजऱ्यावर वाकल्या. मॅडम बघायच्या आणि लिहायच्या. एक. एक. एक. चौकोन जसेच्या तसे, विटेच्या खुणेसकट. अकरा पिंजरे झाले. शेवटच्याशी मॅडम थांबल्या. चौकोनाच्या एका कोपऱ्यातून पाच-सहा तंतू बाहेर आले होते, बोटभर लांब. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय म्हणायचं? एक की दोन?" त्या पुटपुटल्या. "मला नाही कळत. कापूस तुम्हाला कळतो, मथुराबाई. सांगा."

तो सतरा नंबर होता. औषधाचा. मॅडमला हे माहीत नव्हतं, मथुराबाईला माहीत होतं. एक शब्द, आणि एक वर्ष. मॅडमनी पेन वहीवर धरून ठेवलं होतं. तिच्या तोंडात 'दोन' अगदी आला होता. देवाशपथ आला होता.

ती वाकली. ते तंतू तिनं बोटांच्या चिमटीत घेतले, उजेडाकडे धरले आणि कितीतरी वेळ बघितले.

"एक लिवा, मॅडम," ती म्हणाली. "दातानं वढेल धागा तुटते. हा तुटेल नाई, टोक साबूत हाय. हा सोताच सुटला हाय. वीट त्या कोपऱ्याले नीट बसली नसन."

मॅडमनी एक लिहिला.

"लिवून झालं?"

"झालं."

"पक्कं?"

"पक्कं."

मग मथुराबाईनं पिंजऱ्यात हात घालून तो चौकोन उचलला, भिंतीला टेकून खाली बसली, आणि मोठ्यानं रडत रडत रुई पिंजू लागली. मॅडमनी शेजारच्या पिंजऱ्यातला चौकोन काढला आणि त्या तिच्याजवळ फरशीवर बसल्या.